बुडालेल्या विधेयकांचा हिशेब सभागृहात मांडा

प्रति,
माननीय अध्यक्ष, लोकसभा
माननीय सभापती, राज्यसभा
नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

मी इंदूरची निवृत्त शिक्षिका. आयुष्यभर इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. आता शहरात नि आसपासच्या गावांत मुलींची शाळा सुटू नये, त्यांची लग्नं वयाआधी लागू नयेत, यासाठी जे करता येईल ते करते. माझी मागणी एकच आहे, ती आधीच सांगते. लोकसभा विसर्जित झाली की तिच्यापुढची विधेयकं व्यपगत होतात, म्हणजे आपोआप संपतात. नवी लोकसभा बसली की पहिल्याच अधिवेशनात सरकारनं अशा प्रत्येक सरकारी विधेयकाबद्दल दोन्ही सभागृहांच्या पटलावर लेखी निवेदन ठेवावं: हे विधेयक पुन्हा आणणार का, कधी, आणि आणणार नसाल तर का नाही. तसा नियम व्हावा म्हणून आपण दोघांनी हा विषय आपापल्या नियम समितीपुढे न्यावा.

ही मागणी मला कशी सुचली, ते सांगते.

21 डिसेंबर 2021 रोजी लोकसभेत बालविवाह प्रतिबंध कायद्यात सुधारणा करणारं विधेयक मांडलं गेलं. मुलींच्या लग्नाचं किमान वय 18 वरून 21 करायचं, आणि हा कायदा सगळ्या धर्मांच्या व्यक्तिगत कायद्यांच्या वर राहील हे स्पष्ट करायचं, असा त्याचा गाभा होता. मंजूर झालं असतं तरी वयाची तरतूद दोन वर्षांनी लागू व्हायची होती. विधेयक स्थायी समितीकडे गेलं. 31 सदस्यांच्या त्या समितीत त्या वेळी एकच महिला होती, हे तेव्हा वर्तमानपत्रांनी ठळकपणे छापलं होतं. समितीला मुदतवाढ मिळत गेली, अहवाल काही आला नाही. 5 जून 2024 रोजी 17वी लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही संपलं. चर्चा झाली नाही, मतदान झालं नाही. 18व्या लोकसभेच्या पहिल्या अधिवेशनात ते आलं नाही, आणि का आलं नाही हे सांगण्याचं बंधन कुणावरच नव्हतं.

विधेयक मांडल्याची बातमी मात्र घराघरांत पोचली होती.

2022 ची अक्षय तृतीया. माळव्यात आखातीज म्हणतात, पंचांग न बघता लग्न लावायचा दिवस. त्या दिवशी बालविवाह रोखायला पथकं फिरतात. देपालपूरच्या बाजूच्या एका गावात मी अशाच पथकासोबत गेले होते. मांडव पडला होता, मुलीला हळद लागली होती, आत बायका गाणी म्हणत होत्या. अंगणवाडीच्या ताईंनी दहावीची अंकसूची, म्हणजे गुणपत्रिका, मागितली, समग्र आयडीवरच्या (आमच्या राज्याच्या ओळखक्रमांकावरच्या) जन्मतारखेशी ताडून पाहिली. अठराला काही महिने कमी पडत होते. मुलीचे वडील चिडले नाहीत. उलट तेच आम्हाला समजावू लागले. "मॅडम, सरकार एकवीस करतंय. अजून तीन वर्षं पोरीला घरात कशी ठेवायची? म्हणून तर घाई केली." त्या हिवाळ्यात ओळखीतल्या आणखी काही घरांनी याच भीतीनं लग्नं उरकली, असंही ते म्हणाले. लग्न थांबलं. पण जो कायदा झालाच नव्हता त्याच्या भीतीनं एका मुलीच्या अंगाला हळद लागली होती, हे मी विसरू शकत नाही.

दुसरा प्रसंग इथला, शहरातला. सुदामा नगरात आमचं महिलांचं मंडळ आहे. घरोघरी पोळ्या करणाऱ्या एक बाई 2024 च्या दिवाळीच्या सुमारास मला म्हणाल्या, "बाई, एकवीसचा कायदा लागू झाला ना? मुलीला मागणी आलीय. ती एकोणीस पुरी आहे, तिला कॉलेज करायचंय. मी घरात सांगितलंय, कायदाच 'नाही' म्हणतो." मी म्हटलं, कायदा अठराचाच आहे. त्यांचा चेहरा उतरला. "मग टीव्हीवर दाखवलं होतं ते?" टीव्हीवर दाखवलं होतं ते खरंच होतं, विधेयक मांडलं गेलं होतं. ते संपल्याचं दाखवायला कुणी आलं नाही. त्या आईनं मुलीच्या शिक्षणासाठी ज्या कायद्याची ढाल केली होती, ती पाच महिन्यांपूर्वीच गेलेली होती.

आणि ही गोष्ट फक्त पोळ्या करणाऱ्या बाईंची नाही. 18 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं बालविवाहांबद्दल मोठा निकाल दिला. बालविवाह प्रतिबंध कायदा आणि व्यक्तिगत कायदे यांत वरचढ कोण, या प्रश्नावर न्यायालयानं 2021 च्या याच विधेयकाचा हवाला देऊन विषय संसदेपुढे विचाराधीन असल्याचं नमूद केलं. विधेयक तर जूनमध्येच संपलं होतं. देशातल्या सर्वोच्च न्यायपीठाच्या निकालातही संपलेलं विधेयक विचाराधीन म्हणून येतं, तर गावातल्या बापाला आणि सुदामा नगरातल्या आईला काय म्हणायचं?

माझं स्वतःचं मत एकवीसच्या बाजूनं नाही, हेही स्पष्ट सांगते. अठराच्या आतली लग्नं थांबवताना जी दमछाक होते ती मी जवळून बघते. मुलगी अठरानंतर स्वतःच्या मर्जीनं लग्न करते तेव्हा आईबाप कायद्याचा आधार घेऊन तिच्या मागे लागतात, हेही बघते. एकवीसची रेघ ओढली तर त्या मुली आणखी अडचणीत येतील असं मला वाटतं. आठवीनंतरची शाळा गावापासून लांब असते, त्याचं आधी बघा, असं मी समितीला सांगितलं असतं. पण माझं मत काही असो, संसदेनं हो म्हणावं किंवा नाही म्हणावं. विषय देशासमोर ठेवून तो उत्तराविना संपू देणं, हे मात्र मला मान्य नाही.

नियम काय आहे, हे आपणाला मी सांगावं असं नाही. पण हे पत्र इतरही वाचतील, त्यांच्यासाठी थोडक्यात लिहिते. राज्यघटनेचं कलम 107 सांगतं की अधिवेशनाची सत्रसमाप्ती झाली म्हणून विधेयक संपत नाही. लोकसभा विसर्जित झाली तर मात्र लोकसभेत प्रलंबित असलेलं विधेयक संपतं, मग ते तिथेच मांडलेलं असो की राज्यसभेनं मंजूर करून पाठवलेलं. लोकसभेनं मंजूर केलेलं आणि राज्यसभेत अडकलेलंही संपतं. राज्यसभेत मांडलेलं आणि लोकसभेनं अजून मंजूर न केलेलं विधेयक राज्यसभेतच पडून असेल तर ते जगतं. विसर्जनाआधी राष्ट्रपतींनी दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीची अधिसूचना काढलेली असेल तर कलम 108 मुळे ते विधेयक वाचतं. दोन्ही सभागृहांनी मंजूर करून राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेलेलंही संपत नाही. राज्यांच्या विधेयकांपुरता हा प्रश्न केरळच्या शेतजमीन कायद्यावरून सर्वोच्च न्यायालयात गेला होता आणि 1962 मध्ये न्यायालयानं तसाच निर्णय दिला. आमच्या मध्य प्रदेशात विधान परिषद नाही, त्यामुळे भोपाळला विधानसभा विसर्जित झाली की तिच्यापुढचं सगळंच जातं.

या नियमानं काय काय घडतं, ते महिला आरक्षणाच्या विधेयकात सगळ्यात ठळक दिसतं. वर्गात मी हेच उदाहरण घ्यायचे. 1996 मध्ये ते पहिल्यांदा लोकसभेत आलं. गीता मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीनं त्याच डिसेंबरात अहवाल दिला. 11वी लोकसभा विसर्जित झाली, विधेयक गेलं. 1998 मध्ये पुन्हा आलं, 12व्या लोकसभेबरोबर गेलं. 1999 मध्ये पुन्हा, ते 13व्या लोकसभेबरोबर गेलं. मग 2008 मध्ये ते मुद्दाम राज्यसभेत मांडलं गेलं, कारण राज्यसभेत असताना लोकसभेच्या विसर्जनाचा त्याला धक्का लागत नाही. तसंच झालं, 2009 च्या निवडणुकीतून ते वाचलं. 9 मार्च 2010 रोजी राज्यसभेनं ते 186 विरुद्ध 1 मतांनी मंजूर केलं. देशभर बायकांनी पेढे वाटले. पण मंजूर होऊन ते लोकसभेत गेलं आणि तिथे त्याचं सुरक्षित छप्परच निघून गेलं. मे 2014 मध्ये 15वी लोकसभा विसर्जित झाली आणि 186 मतांचं ते विधेयक संपलं. म्हणजे राज्यसभेनं ते मंजूर केलं नसतं, तसंच ठेवलं असतं, तर ते जिवंत राहिलं असतं. मुली हे ऐकून विचारायच्या, "बाई, मग मंजूर करण्याला अर्थ काय?" मला त्यांना चांगलं उत्तर देता आलं नाही, आजही येत नाही. शेवटी सप्टेंबर 2023 मध्ये नव्यानं सगळं सुरू करून तो 106व्या घटनादुरुस्तीचा कायदा झाला, 27 वर्षांनी.

त्याच्या अगदी उलट, लोकप्रतिनिधींसाठी छोट्या कुटुंबाची अट घालणारं 79वं घटनादुरुस्ती विधेयक 1992 मध्ये राज्यसभेत आलं. 2019 पर्यंत सात लोकसभा विसर्जित झाल्या, तरी ते राज्यसभेच्या प्रलंबित यादीत होतंच. कुणी त्याला हात लावला नाही आणि ते मेलंही नाही.

इंदूरला या विषयाचं जवळचं नातं आहे. आमच्या सुमित्राताई महाजन 1989 पासून आठ वेळा इथून लोकसभेत गेल्या आणि 16व्या लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. त्याच लोकसभेच्या विसर्जनानंतर, जून 2019 मध्ये, राज्यसभेचे तेव्हाचे सभापती वेंकय्या नायडू यांनी सभागृहात सांगितलं की लोकसभेनं मंजूर केलेली 22 विधेयकं राज्यसभेत राहून गेली आणि व्यपगत झाली. या तरतुदीचा फेरविचार व्हावा असं त्यांनीच सुचवलं होतं. आणि महू तर आमच्या शेजारचंच. तिथे जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिल पुढे सरकेना म्हणून, इतर कारणांसोबत, 1951 मध्ये मंत्रिपद सोडलं. अंतरिम संसदेबरोबर ते विधेयकही मागे पडलं. नव्या संसदेत ते चार तुकड्यांनी परत आलं: 1955 मध्ये हिंदू विवाह कायदा, 1956 मध्ये वारसा, अज्ञानत्व व पालकत्व, आणि दत्तक व पोटगी. परत आलं, कारण पंतप्रधानांनी ते आपलं मानलं होतं.

माझी खरी चिंता इथेच आहे. ज्याच्या मागे ताकद आहे ते विधेयक परत येतं. ज्याच्या मागे कुणी नाही ते परत येत नाही, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. 2019 चंच बघा. तिहेरी तलाकचं विधेयक 16व्या लोकसभेबरोबर गेलं आणि नवी लोकसभा बसताच जूनमध्ये पुन्हा मांडलं गेलं. जुलैअखेर दोन्ही सभागृहांतून मंजूरही झालं. ग्राहक संरक्षण आणि मोटार वाहन कायद्याची विधेयकंही त्याच उन्हाळी-पावसाळी अधिवेशनात पार पडली. सरकारला हवं होतं, तिथे विसर्जनानं काही अडलं नाही.

पण माणसांच्या तस्करीविरुद्धचं विधेयक? ते लोकसभेनं 26 जुलै 2018 रोजी मंजूर केलं होतं. तपासासाठी राष्ट्रीय यंत्रणा, सुटका झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी समित्या आणि निधी, अशा तरतुदी त्यात होत्या. त्यावर आक्षेपही होते. देहविक्रय करणाऱ्या महिलांच्या संघटनांनी विरोध केला होता, आणि त्यांचे मुद्दे ऐकण्यासारखे होते. 2019 मध्ये ते राज्यसभेत व्यपगत झालं. 2021 मध्ये एक नवा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी जाहीर झाला, पण 17व्या लोकसभेच्या पाच वर्षांत विधेयक म्हणून काही मांडलं गेलं नाही. लोकसभेनं मंजूर केलेलं काही सरकारनं सोडून दिलं, की बदलून आणायचं ठरवून राहून गेलं? दोन्ही शक्य आहे. पण ज्या लोकसभेनं ते मंजूर केलं तिच्या वारसाला तरी त्याचं उत्तर मिळायला हवं होतं.

तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांबाबत तर एकाच विसर्जनात दोन विधेयकं गेली. राज्यसभेचे सदस्य तिरुची शिवा यांचं खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यानं आणलेलं, राज्यसभेनं एप्रिल 2015 मध्ये मंजूर केलं होतं. खासगी विधेयक एखाद्या सभागृहातून मंजूर होणं ही आपल्याकडे किती दुर्मीळ गोष्ट, हे आपण जाणता. ते लोकसभेत पडून राहिलं. सरकारचं स्वतःचं विधेयक लोकसभेनं डिसेंबर 2018 मध्ये मंजूर केलं, ते राज्यसभेत राहिलं. सरकारचं परत आलं आणि 2019 मध्ये कायदा झाला. राज्यसभेनं ज्याला संमती दिली होती, तृतीयपंथी समाजातल्या अनेकांना जे जास्त आपलं वाटत होतं, त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

आता यावर जे उत्तर दिलं जातं ते मला ठाऊक आहे, आणि ते वजनदार आहे. लोकांनी नवं सभागृह निवडलं, जुन्या सभागृहाचं ओझं त्याच्यावर कशासाठी? निवडणुकीत सरकार बदललं तर मागच्या सरकारचं अर्धवट काम नव्यानं का ओढायचं? मला हे तत्त्व पटतं. म्हणूनच सगळी विधेयकं आपोआप पुढे चालू राहावीत असं मी मागत नाही. नेदरलँड्समध्ये निवडणुकीनंतरही विधेयकं चालू राहतात. युरोपीय संसदेत अपुरं काम संपतं, पण नव्या संसदेच्या सुरुवातीला समित्या कारणं देऊन ते पुढे चालू ठेवण्याची विनंती करू शकतात. ब्रिटनमध्ये विसर्जनाआधीच्या काही दिवसांत दोन्ही बाजू बसून काय वाचवायचं ते ठरवतात. 2024 च्या मे महिन्यात तिथे भाडेकरूंना कारण न देता घराबाहेर काढण्याची पद्धत बंद करणारं विधेयक त्या घाईत राहून गेलं, तेव्हा भाडेकरूंच्या संघटनांनी त्याचा जाब जाहीरपणे विचारला. आपल्याकडे जाब विचारायला मुळात कागदच नसतो.

आणि आपल्या संसदेला मागच्या लोकसभेचं काही पुढे नेता येत नाही, असंही नाही. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासनं आश्वासन समितीपुढे प्रलंबित असतील तर लोकसभेच्या विसर्जनानं ती व्यपगत होत नाहीत. मंत्र्याच्या तोंडी शब्दाचा हिशेब पुढची लोकसभा ठेवते. मग ज्या विधेयकावर समितीनं महिनोन्महिने साक्षी घेतल्या, ज्याला एका सभागृहानं मत दिलं, त्याच्याबद्दल एक लेखी निवेदन मागणं फार आहे का? त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, कलम 107 ला हात लावावा लागत नाही. एका सभागृहानं मंजूर केलेलं विधेयक वाचवावं की नाही, हा मोठा प्रश्न श्री. नायडूंनी मांडला तसा वेगळा मांडता येईल, आणि तो मांडला जावा अशी माझीही इच्छा आहे. पण तोवर थांबण्याची गरज नाही. कार्यपद्धतीच्या नियमात एक कलम पुरेल.

निवेदनात विधेयकाचं नाव, ते कुठल्या टप्प्यावर होतं, समितीचा अहवाल आला होता का, आणि सरकारचा निर्णय, एवढं असावं. समितीनं घेतलेल्या साक्षी आणि लोकांनी पाठवलेल्या सूचना नव्या समितीच्या हाती पडतील, याचीही त्यात नोंद असावी. विषय पुन्हा आला तर लोकांना त्याच गोष्टी पहिल्यापासून सांगाव्या लागू नयेत. हे निवेदन राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत, म्हणजे मराठीतही, प्रसिद्ध व्हावं. इंदूरच्या मराठी घरांत वर्तमानपत्र हिंदी येतं, पण कायद्याची गोष्ट समजावून घ्यायची झाली तर आमच्या मंडळातल्या बायका मराठीतच विचारतात. आणि एक तपशील: ज्या विधेयकाची बातमी मंत्रालयानं स्वतः जाहीर केली होती, त्याच्या व्यपगत होण्याची बातमीही त्याच मंत्रालयानं, तेवढ्याच ठळकपणे, जाहीर करावी. पथकासोबत गावात जाणाऱ्या अंगणवाडी ताईंच्या हातात ती असेल तर त्यांचं निम्मं काम सोपं होईल.

नियम व्हायला वेळ लागेल, हे मी समजते. तोपर्यंत 17व्या लोकसभेबरोबर संपलेल्या बालविवाह सुधारणा विधेयकाबाबत महिला व बालविकास मंत्रालयाकडून चालू लोकसभेच्या पुढच्या अधिवेशनात निवेदन मागवावं, ही विनंती आपण मान्य कराल अशी आशा आहे. निर्णय एकवीसचा असो वा अठराचा, तो अक्षय तृतीयेच्या आधी गावागावांत कळला पाहिजे.

या पत्राची प्रत इंदूरच्या खासदारांना आणि आमच्या भागातून राज्यसभेत असलेल्या सदस्यांना पाठवत आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
इंदूर